ड्रोनचे रॉ फोटो लॅपटॉपवर धुरकट, ॲपमध्ये मात्र कडक. कॅमेरा गंडलाय का?

नवशिका_पायलट:

मंडळी, दोन दिवस डोक्याला ताप झालाय म्हणून इथे विचारतोय. ड्रोन घेऊन महिना झाला, साधा १२ मेगापिक्सेलवाला आहे, आतापर्यंत नुसते जेपीजी काढायचो. मग जो तो सांगतो रॉ मध्ये काढ (म्हणजे कॅमेऱ्याने काहीही न सुधारलेला कच्चा फोटो) रॉ मध्ये काढ, म्हणून गेल्या रविवारी सेटिंगमध्ये जाऊन जेपीजी+रॉ केलं आणि उजाडायच्या वेळेला सगळ्या बॅटऱ्या संपेपर्यंत फोटो काढत बसलो. फोनवर ॲपमध्ये बघितले तर एक नंबर, मी खूश.

आता रड ऐका. ॲपमधून फोनमध्ये सेव्ह केले तर एकेक फाइल जेमतेम एक एमबीची आली आणि ती पण जेपीजी, रॉ कुठेच नाही. मग कार्ड काढून लॅपटॉपला लावलं तर एकाच नावाच्या दोन-दोन फाइल दिसतात, त्यातली एक उघडते आणि दुसरीवर डबल क्लिक केलं की म्हणतो ही फाइल उघडता येत नाही. एक फुकटचा व्ह्यूअर टाकला, त्यात ती दुसरी पण उघडली, अगदी चटकन उघडली, पण झूम केलं की ओल्या काचेतून बघितल्यासारखं. समोरच्या विजेच्या खांबाच्या तारा जेपीजीमध्ये मोजता येतात आणि रॉ मध्ये नुसता राखाडी पट्टा! कोणीतरी म्हणालं डार्कटेबल टाक, रॉ एडिट करायचं सॉफ्टवेअर, ते टाकलं, तर त्यात तारा दिसतात पण फोटो काळपट, रंग उडालेले, क्षितिज धनुष्यासारखं वाकलेलं आणि चारही कोपऱ्यात अंधार.

म्हणजे रॉ चांगलं असतं हे सगळं थोतांड आहे का माझा कॅमेरा खराब निघाला? परत करायची मुदत संपत आलीये. आणि हो, त्या डबल फाइलमधली एक डिलीट केली तर चालेल ना, कार्ड भरत आलंय.

बारीक_नजर:

डिलीट काहीही करू नकोस आधी.

त्या फुकटच्या व्ह्यूअरमध्ये खालच्या पट्टीवर फोटोची लांबी-रुंदी किती दाखवतोय? आणि फाइल किती एमबीची आहे?

नवशिका_पायलट:

९६० × ७२०. फाइल २४ एमबी. अरे हे काय??

बारीक_नजर:

मग कॅमेरा परत करू नकोस, त्याचा काही दोष नाही. तू रॉ बघितलाच नाहीयेस अजून.

बघ, डीएनजी म्हणजे तुझ्या ड्रोनची रॉ फाइल, तिच्या पोटात दोन गोष्टी असतात. एक खरा सेन्सरचा डेटा. आणि दुसरा एक तयार छोटा जेपीजी, जो कॅमेऱ्याने फाइल लिहितानाच आत ठेवून दिलेला असतो, म्हणजे यादीत थंबनेल पटकन दिसावं. रॉ उघडायचं म्हणजे प्रोग्रामला भरपूर गणित करावं लागतं, म्हणून बरेच व्ह्यूअर ते काम टाळतात आणि तो आतला छोटा फोटोच ताणून दाखवतात. चटकन उघडली म्हणालास ना, तिथेच कळलं. दुधाची तहान ताकावर. व्ह्यूअरच्या सेटिंगमध्ये बहुतेक रॉ नावाचा वेगळा भाग असतो, तिथे एम्बेडेड प्रीव्ह्यूच्या ऐवजी फुल साइझ निवड आणि परत उघड. आता दोन-तीन सेकंद लागतील, पण ४००० × ३००० दाखवेल आणि तुझ्या तारा पण सापडतील.

फाइलची काळजी करू नकोस, ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकी २ बाइट धरले की बरोब्बर २४ एमबी. साइझ जुळतेय म्हणजे डेटा आत पूर्ण आहे.

विंडोजला डबल क्लिक करून उघडायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये रॉ इमेज एक्स्टेन्शन फुकट आहे ते टाक, मग थंबनेल पण दिसतात. आणि फोल्डरच्या व्ह्यू मेनूत फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू कर, म्हणजे एक जेपीजी आणि एक डीएनजी आहे हे डोळ्याला दिसेल. डबल नाहीयेत त्या. जिला तू फालतू समजून उडवणार होतास तीच नेमकी रॉ आहे.

फिल्मवाली_ताई:

वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त काळपट आणि वाकड्या क्षितिजाबद्दल बोलते कारण तिथे नवीन माणसं हमखास घाबरतात.

आम्ही फिल्मवर शिकलो त्यामुळे मला हे समजायला सोपं गेलं. निगेटिव्ह हातात धरून कोणी म्हणत नाही की अरे रंग उलटे आलेत कॅमेरा परत करा. अडोबीने २००४ मध्ये हा फॉरमॅट आणला तेव्हा नावच डिजिटल निगेटिव्ह ठेवलं, डीएनजी हे त्याचंच लघुरूप. सेन्सरवरच्या प्रत्येक पिक्सेलला खरं तर एकच रंग कळतो, लाल नाहीतर हिरवा नाहीतर निळा, त्यातले निम्मे हिरवे, आणि बाकीचे दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरायचे असतात. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी ही जाळी काढली, १९७६ चं पेटंट आहे, अजून बहुतेक सगळे कॅमेरे तीच वापरतात. जेपीजी काढताना ड्रोन हे अंदाज स्वतः करतो, वर कॉन्ट्रास्ट वाढवतो, रंग गडद करतो, कडा धारदार करतो, नॉइज पुसतो, आणि मग ८ बिटमध्ये म्हणजे एका रंगाच्या २५६ पायऱ्यांमध्ये बसवून बाकीचं फेकून देतो. रॉ मध्ये यातलं काहीच केलेलं नसतं. १२ बिट असेल तर ४०९६ पायऱ्या, १४ बिट असेल तर १६३८४. म्हणून तो मळकट दिसतो. त्यातनं काय काढायचं ते तुझ्या हातात.

काळपटपणाचं अजून एक कारण म्हणजे डीएनजीत बेसलाइन एक्स्पोजर म्हणून एक आकडा लिहिलेला असतो, उघडताना एवढं उजळ करा अशी चिठ्ठीच म्हण. काही प्रोग्राम ती चिठ्ठी वाचतात काही वाचत नाहीत. आपला एक्स्पोजरचा स्लायडर थोडा वर ढकलायचा, विषय संपला.

आता क्षितिज. ड्रोनची लेन्स वाइड असते आणि आकाराने एवढीशी, ती सरळ रेघा वाकवणारच. कंपन्यांना हे माहीत असतं, त्या भिंगात सगळं सुधारत बसत नाहीत, सॉफ्टवेअरमध्ये सुधारतात. जेपीजीत ती सुधारणा आधीच झालेली असते. रॉ मध्ये फक्त सूचना लिहून ठेवतात की इथे एवढं सरळ करा, कोपरे एवढे उजळ करा. २००९ च्या डीएनजी १.३ पासून त्याची सोय आहे. अडोबीचे लाइटरूम आणि कॅमेरा रॉ हे एडिटिंगचे प्रोग्राम ती सूचना आपोआप पाळतात, तुला कळत पण नाही. डार्कटेबलमध्ये लेन्स करेक्शन मॉड्युल आपण होऊन चालू करावं लागतं, आणि त्यात फाइलमधलीच माहिती वापरायचा पर्याय नवीन व्हर्जनमध्ये आहे. तो दिसत नसेल तर आधी अपडेट कर.

माझा स्वतःचा पहिला रॉ बघून मी पण तोंड वाकडं केलं होतं, सो इट्स ओके.

शॉर्टकट_किंग:

एवढी कटकट कशाला भावा, ऑनलाइन कन्व्हर्टर असतात त्यावर सगळे डीएनजी टाक आणि जेपीजी करून घे, दोन मिनिटाचं काम

बारीक_नजर:

@शॉर्टकट_किंग जेपीजी तर त्याच्याकडे आहेतच की शेजारी, ड्रोनने स्वतः काढलेले. रॉ काढून ते पुन्हा कुठल्यातरी अनोळखी साइटवर चढवून जेपीजी करायचे म्हणजे द्राविडी प्राणायाम. शिवाय प्रत्येक फाइलमध्ये अक्षांश-रेखांश असतात, उंची असते, कॅमेरा कुठल्या दिशेला होता ते पण असतं, ते पण त्या साइटला आयतं द्यायचं. आणि २४ एमबीच्या शेकडो फाइल चढवून बघ दोन मिनिटात.

शॉर्टकट_किंग:

ओके ओके मी एक-दोन फोटोंसाठी करतो कधीकधी, चिडू नका

चार_बॅटऱ्या:

ट्रान्सफरबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून मी लिहितो, लांब होईल, सवय आहे मला.

फोनच्या ॲपमध्ये उडवताना जे दिसतं ते ड्रोनने रेडिओवरून पाठवलेलं लहान केलेलं चित्र असतं, ॲप तेच फोनमध्ये साठवून ठेवतं आणि गॅलरीत दाखवतं. फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर ते कडकच दिसणार! तुझ्या एक एमबीच्या फाइल त्या ह्याच. ओरिजिनल हवी तर ओरिजिनल डाउनलोड असं वेगळं निवडावं लागतं, आणि रॉ वाय-फायवरून ओढायच्या भानगडीत शेकड्याने फोटो असतील तर पडूच नये. समज ३०० रॉ म्हणजे साधारण ७ जीबी. सेकंदाला ५ एमबी मिळाले तरी २४ मिनिटं, आणि तेवढा वेळ ड्रोन चालू. जमिनीवर ठेवलेल्या ड्रोनला पंख्यांची हवा लागत नाही, तो तापतो, आणि जास्त तापला की मधेच बंद पडतो. केबल लावून कॉपी करताना पण हाच प्रकार, त्यामुळे केबल वापरायचीच असेल तर गार जागी, भरलेली बॅटरी, आणि थोड्या थोड्या फाइल.

त्यापेक्षा तू केलंस तेच बरोबर, कार्ड काढायचं आणि रीडरमध्ये घालायचं. फक्त रीडर यूएसबी ३ चा घे, जुना यूएसबी २ चा असेल तर सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच्या पुढे जात नाही, कार्ड कितीही भारी असू दे. लॅपटॉपच्या ज्या पोर्टात घालतोस ते पण बघ.

कट-पेस्ट कधी करू नकोस, कॉपीच. आधी कॉपी, मग तपासणी, मग दुसरीकडे अजून एक कॉपी, आणि त्यानंतरच कार्ड फॉरमॅट, ते पण लॅपटॉपमध्ये नाही तर ड्रोनच्या मेनूतून. मी एकदा घाईत हा क्रम मोडला. फोल्डर उघडून थंबनेल बघितले, सगळे दिसत होते, म्हटलं झालं काम आणि कार्ड फॉरमॅट करून लगेच दुसऱ्या दिवशी त्याच्यावर शूट केलं. आठवड्याने उघडायला बसलो तर ४१ फोटो अर्धवट. वर आकाश, खाली ठार काळं. फोटोरेकने कार्डावरून काय परत येतंय का बघितलं पण वरून नवीन फोटो लिहिले गेले होते, मोजून ६ आले. ज्याच्यासाठी काढले होते त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

तर तुझे सगळे उघडून बघ एकदा. थंबनेल नाही, उघडून.

नवशिका_पायलट:

अपडेट देतो. आधी सगळ्यांना मनापासून धन्यवाद, विशेषतः ताईंना, निगेटिव्हचं उदाहरण डोक्यात एकदम फिट्ट बसलं.

व्ह्यूअरमध्ये फुल साइझ केलं, तारा दिसल्या!! डार्कटेबल अपडेट केलं, लेन्स करेक्शन चालू केलं आणि क्षितिज टुणकन सरळ झालं, मी चार-पाच वेळा चालू-बंद करून बघत बसलो नुसता. कोपऱ्यातला एक मनोरा बाहेरच्या बाजूला कलल्यासारखा होता तो पण उभा राहिला.

पण @चार_बॅटऱ्या तुमचं वाचून पोटात गोळा आला म्हणून सगळे डीएनजी एकेक करून उघडले आणि शेवटचे दोन तसलेच निघाले. वरचा साधारण एक तृतीयांश भाग बरोबर, त्याखाली रेघ मारल्यासारखं काळं. डोक्यात जात नाहीये ते हे की थंबनेलमध्ये दोन्ही फोटो पूर्ण दिसतात, आणि साइझ पण २४ एमबीच आहे, बाकीच्यांएवढीच. मी एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी केलं होतं, बार शंभर टक्क्याला पोचला आणि मी केबल काढली, लॅपटॉप आवरायचा होता. इजेक्ट वगैरे कोण करतं.

दुसरी गोष्ट, फोनच्या ॲपमध्ये ३१२ फोटो आहेत आणि कार्डावर २९८ जोड्या. १४ कुठे गेले?

बारीक_नजर:

थांब, इथे मी वर जे लिहिलं ते माझंच चुकलं. साइझ जुळतेय म्हणजे डेटा पूर्ण, असं म्हणालो होतो. नाही. साइझ जुळते म्हणजे डिस्कवर तेवढी जागा राखून ठेवली गेली एवढंच. बार शंभर टक्के झाला तरी शेवटचा काही डेटा लॅपटॉपच्या मेमरीतच असू शकतो, तिथून तो मागाहून डिस्कवर उतरतो. इजेक्ट दाबणं म्हणजे उरलंसुरलं लिहून घे असं सांगणं. तू मधेच केबल ओढलीस, जागा राखलेली तशीच रिकामी राहिली. रॉ मध्ये शून्य म्हणजे काळं.

आणि थंबनेल पूर्ण का, तर तो छोटा जेपीजी बहुतेक वेळा फाइलच्या सुरुवातीलाच असतो, तेवढा भाग लिहून झालेला होता. म्हणजे जो प्रीव्ह्यू बघून तू कॅमेऱ्याला शिव्या घालत होतास तोच आता सगळं ठीक आहे म्हणून सांगतोय. दोन्ही वेळेला खोटं!

कार्ड फॉरमॅट नाही ना केलंस?

नवशिका_पायलट:

नाही!! कार्ड भरत आलं होतं पण तुम्ही पहिल्याच ओळीत डिलीट करू नको म्हणालात म्हणून तसंच ठेवलं. आत्ता त्या दोन फाइल कार्डावरून थेट उघडल्या, पूर्ण आहेत. हुश्श.

चार_बॅटऱ्या:

नशीबवान आहेस लेका.

आता परत कॉपी करताना टेराकॉपीसारखं काहीतरी वापर, त्यात कॉपीनंतर व्हेरिफाय करायची सोय आहे, दोन्हीकडच्या फाइलचा हॅश काढून जुळवतो, हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा समज, एक बाइट इकडचा तिकडे झाला की ठसा बदलतो. मॅक आणि लिनक्सवाल्यांना आरसिंक आहे. एक बारकावा सांगतो, कॉपी केल्या केल्या लगेच व्हेरिफाय केलं तर कधीकधी डिस्कवरून न वाचता मेमरीतलंच वाचून जुळलं म्हणतो, म्हणून मी डिस्क इजेक्ट करतो, परत जोडतो आणि मग तपासतो. वेडेपणा वाटेल पण ४१ फोटो गेलेत माझे.

आणि हे सगळं एडिटिंगच्या आधी. लाइटरूममधून मेटाडेटा (फोटोची माहिती आणि केलेले बदल) फाइलमध्ये सेव्ह केला तर तो डीएनजीच्या आतच लिहिला जातो, मग ठसा बदलतो आणि तू परत इथे रडत येशील की फाइल खराब झाली. डार्कटेबल शेजारी वेगळी एक्सएमपी फाइल बनवतं, मूळ फाइलला हात लावत नाही, तिकडे ही भीती नाही. ती एक्सएमपी पण सांभाळ मात्र, तुझी सगळी कारागिरी तिच्यात असते.

१४ फोटोंचं: पहिली बॅटरी लावलीस तेव्हा कार्ड आत होतं का?

नवशिका_पायलट:

...

नव्हतं. सकाळी कार्ड लॅपटॉपमध्येच राहिलं होतं, एक फेरी मारल्यावर आठवलं आणि खाली उतरवून घातलं. ॲपने तेव्हा काही कुरकुर पण केली नव्हती, फोटो निघत होते.

चार_बॅटऱ्या:

मग ते ड्रोनच्या इंटर्नल मेमरीत बसलेत. बऱ्याच ड्रोनमध्ये काही जीबीची आतली मेमरी असते, कार्ड नसलं की गुपचूप तिच्यात लिहितात. त्याला मात्र केबलच लागेल, ड्रोन चालू करून लॅपटॉपला जोड, दोन ड्राइव्ह दिसतील, एक कार्ड एक आतलं. १४ च आहेत, मिनिटाच्या आत होईल, तापायच्या आत. केबल डेटावाली घे, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर तासभर घालवलेली माणसं आहेत इथे, मी धरून.

फिल्मवाली_ताई:

आणि तिथे पॅनोरामा नावाचा वेगळा फोल्डर दिसला तर तो पण घे. पॅनोरामा मोडचे सुटे फोटो बऱ्याचदा नेहमीच्या फोल्डरात नसतात, लोक फक्त डीसीआयएम ह्या नेहमीच्या फोल्डरातलं उचलतात आणि ते राहून जातात.

नवशिका_पायलट:

मिळाले चौदाच्या चौदा. फोल्डर बदलल्यामुळे नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेत, कार्डावरच्या पहिल्या १४ चं आणि ह्यांचं नाव सेम टु सेम आहे, एकाच फोल्डरात टाकताना रिप्लेस करू का विचारत होता. तुमच्यामुळे आता इतका घाबरट झालोय की आधी कॅन्सल दाबलं आणि मग वाचलं.

वेगळा फोल्डर केला. व्हेरिफाय केलं. इजेक्ट केलं. परत जोडलं, परत व्हेरिफाय केलं. सगळे हिरवे.

एक फोटो एडिट करून इथे टाकू का? तारा मोजल्यात, सात आहेत, जेपीजीत सहाच दिसत होत्या, सगळ्यात वरची एक आकाशात विरून गेलेली.

फिल्मवाली_ताई:

टाक की. फक्त एक्स्पोर्ट करताना लोकेशन काढून टाक. उडवलास कुठून, घरच्या गच्चीवरूनच ना?

नवशिका_पायलट:

हो, गच्चीवरूनच. बरं झालं बोललात, काढून टाकतो.